परक्या मुलखातलं जुनं वर्तमानपत्र वाचावं कसं: सोलापूरच्या अभ्यासगटांसाठी

इस्तंबूलमध्ये सुलतानानं काढलेलं फ्रेंच पत्र, ग्वांगजौमध्ये एका पाद्र्याचं चिनी मासिक, सोलमध्ये इंग्रजाचं दैनिक, डर्बनजवळ गुजराती-तमिळ कॉलमांचं साप्ताहिक. अशा पत्रांचं मुख्य काम बातमी देणं नव्हतं. आपण कोण, आपली बाजू काय, हे समोरच्याच्या मनावर ठसवण्यासाठी ती निघाली. यातली बरीचशी आता स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात, म्हणजे अडचण मिळवण्याची उरलेली नाही, वाचण्याची आहे. लोक अंक उघडून थेट अग्रलेखावर जातात आणि तिथंच गुंततात. अग्रलेख म्हणजे मालकानं आपल्याला दाखवायला ठेवलेली खोली. खरा हिशेब अंकाच्या कडेकोपऱ्यात असतो आणि तो काढण्याची रीत शिकता येते.

सोलापूरला या कामात एक सोय आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू वाचणारी माणसं इथं एका गल्लीत सापडतात, आणि व्यापारी पेठेत गुजराती वाचणारंही कुणी ना कुणी भेटतं. गट चार-पाच जणांचा ठेवा आणि त्यात निदान दोन लिप्या वाचणारे असतील असं बघा. चार पानी अंकाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका लागतात. एका बैठकीत उरकायला गेलात तर जाहिराती राहून जातात, आणि जाहिराती सोडून चालत नाही.

अंक कुठला निवडायचा

ढोबळमानानं तीन घराणी धरा.

पहिलं, सरकारनं आपल्याच राजधानीत बसून परक्यांच्या भाषेत काढलेलं पत्र. दुसरा महमूद या ऑटोमन सुलतानानं १८३१ मध्ये 'तकवीम-इ वेकायी' हे तुर्की राजपत्र सुरू केलं आणि त्याच वर्षी 'मोनितर ऑटोमन' हे त्याचं फ्रेंच भावंड. फ्रेंच पत्र युरोपच्या वकिलातींना आणि तिथल्या संपादकांना उद्देशून होतं. ते चालवायला सुलतानानं अलेक्सांद्र ब्लाक या फ्रेंच माणसाला इझमीरहून बोलावून घेतलं. ग्रीक बंडाच्या काळात ब्लाकनं आपल्या पत्रांतून तुर्कांची बाजू लावून धरली होती. म्हणजे माणूस आधी पारखला आणि मग पगारावर घेतला. टोकियोचं 'जपान टाइम्स' (२२ मार्च १८९७) याच घराण्याच्या जवळचं. ते सरकारी नव्हतं, पण संपादक झुमोतो मोतोसादा हे जपानचे पंतप्रधान राहिलेल्या इतो हिरोबुमींच्या जवळच्या वर्तुळातले.

दुसरं घराणं परदेशी माणसानं यजमानांच्या भाषेत काढलेल्या पत्रांचं. कार्ल ग्युट्सलाफ या मिशनऱ्यानं १८३३ मध्ये ग्वांगजौला काढलेलं पूर्व-पश्चिम मासिक हा त्याचा उत्तम नमुना. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशननं १८४२ मध्ये अहमदनगरला काढलेलं 'ज्ञानोदय' त्याच रांगेत बसतं.

तिसरं, परमुलखात गेलेल्या लोकांचं पत्र. गांधींचं 'इंडियन ओपिनियन' (४ जून १९०३, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत) आणि सॅन फ्रान्सिस्कोचं 'गदर' (१ नोव्हेंबर १९१३) ही त्याची दोन टोकं. पहिलं गोऱ्या सरकारला समजावतं, दुसरं त्याच सरकारच्या सैनिकांना फितवतं.

नव्या गटानं सुरुवात 'इंडियन ओपिनियन'पासून करावी. गांधी हेरिटेज पोर्टलवर अंक आहेत, इंग्रजी सर्वांना जमतं आणि गुजराती वाचणारा शोधायला फार फिरावं लागत नाही. 'गदर'चे काही अंक साडा या अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई संग्रहात मिळतात. फ्रेंच पत्रांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका आणि कोरियन पत्रांसाठी कोरियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वृत्तपत्र संग्रह बघा. हिकीचं 'बेंगॉल गॅझेट' (२९ जानेवारी १७८०) हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. पण ते कंपनीच्या अधिकाऱ्यांशी भांडणारं पत्र, या अभ्यासात ते फक्त तुलनेपुरतं घ्या.

उतरवणं आणि छापणं

मोबाइलच्या पडद्यावर वाचू नका. पान मोठं केलं की शेजारचा कॉलम दिसेनासा होतो आणि पानाची मांडणीच कळत नाही. कुठली बातमी कशाच्या शेजारी लावली आहे, हाही पुरावाच असतो. पान ए३ कागदावर छापून घ्या. ए४वर काय होतं ते मोजून बघा: मूळ पान ४५ सेंटिमीटर उंच असेल तर ए४वर ते ६६ टक्क्यांवर येतं आणि ८ पॉइंटचा टाइप ५.३ पॉइंटचा होतो. तासाभरात डोळे दुखतात आणि लोक गाळून वाचायला लागतात.

ए३वर स्वच्छ छपाई हवी तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. फाइल उतरवताना 'हलकी प्रत' असा पर्याय दिसला तर तो टाळा. झेरॉक्सवाल्याला 'ग्रेस्केल' असं स्पष्ट सांगा. निव्वळ काळं-पांढरं छापलं की फिकट ठिपके उडतात. इंग्रजीत त्यानं फारसं बिघडत नाही, उर्दूत मात्र घात होतो: खालचा एक नुक्ता उडाला, वरचा एक डाग आला, की 'बे'चा 'नून' होतो आणि गावाचं नाव बदलतं. 'गदर'ची उर्दू हातानं लिहिलेल्या नस्तालिक वळणाची आहे, त्यामुळे तिथं आणखी जपा.

मशीनच्या वाचनावर, म्हणजे स्कॅनमधून संगणकानं ओळखलेल्या अक्षरांवर, भिस्त ठेवू नका. १८०० च्या आधीच्या इंग्रजी-फ्रेंच छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब 'एस' येतो आणि मशीन तो 'एफ' म्हणून वाचतं. त्यामुळे शोधखिडकीत शब्द टाकून 'काहीच सापडलं नाही' असा निष्कर्ष काढू नका. तोच शब्द 'एस'च्या जागी 'एफ' घालून पुन्हा शोधा. हस्तलिखित उर्दू आणि जुन्या वळणाचं कोरियन इथं मोबाइलचं भाषांतर सरळ सरळ खोटं बोलतं. वाक्य गुळगुळीत आलं म्हणून ते बरोबर समजू नका.

तारीख आधी पक्की करा

दोन पत्रांची तुलना करायची तर दोन्ही तारखा एका पंचांगात हव्यात. सर्वांत जास्त चुका इथं होतात.

नेपोलियनच्या फौजेनं कैरोत काढलेल्या 'कुरिये द लेजिप्त'च्या पहिल्या अंकावर फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातली तारीख आहे: १२ फ्रुक्तिदोर, वर्ष ६. ते २९ ऑगस्ट १७९८. रशियातल्या पत्रांवरची जुनी तारीख एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे असते, मार्च १९०० पासून १३ दिवस. जपाननं १ जानेवारी १८७३ ला आणि कोरियानं १ जानेवारी १८९६ ला आजची इंग्रजी कालगणना घेतली, त्याआधीचा महिना चांद्र आहे हे धरून चला. जपानच्या मेइजी वर्षात १८६७ मिळवले की इसवी सन येतो: मेइजी ३० म्हणजे १८९७. हिजरी सनासाठी ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. १२४७ चे १८३१-३२ येतात. हा अंदाज झाला, नेमक्या दिवसासाठी कोष्टक बघा आणि तिथंही एक दिवस मागेपुढे धरा.

चिनी राजवर्षाची गंमत आपल्या शकासारखीच आहे. शकात ७८ मिळवतो, पण जानेवारी ते मार्चमध्ये ७९. म्हणून ६ जानेवारी १८३२ चा 'दर्पण'चा पहिला अंक शके १७५३ मध्ये पडतो, १७५४ मध्ये नाही. चिनी वर्षाचे शेवटचे एक-दोन महिने तसेच पुढच्या इसवी सनात सरकतात.

वाचण्याचा क्रम

उलटा क्रम ठेवा. एका कोऱ्या कागदावर टिपत जा:

१. मुद्रक-प्रकाशकाची ओळ. छापखाना कुणाचा, पत्ता कुठला. वकिलातीच्या, मिशनच्या किंवा सरकारच्या आवारात छापखाना असेल तर निम्मं उत्तर मिळालं.

२. वर्गणी. कुठल्या चलनात, कुठल्या शहरांसाठी, टपालहशील धरून की वेगळं. परदेशातला दर ठळक आणि गावातला दर बारीक असेल तर वाचक बाहेरचा आहे.

३. जाहिराती. प्रत्येक जाहिरातीसमोर 'व्यापारी', 'सरकारी' किंवा 'स्वतःच्याच छापखान्याची' असं लिहा. व्यापाऱ्यानं स्वतःचे पैसे घातले याचा अर्थ ग्राहक खरोखर होते.

४. जहाजांच्या वेळा, दरपत्रकं, नेमणुकांची यादी.

५. वाचकांची पत्रं. सगळी एकाच वळणाची आणि टोपणनावानं असतील तर संपादकानंच लिहिली असावीत अशी शंका घ्या. मात्र त्या काळी टोपणनाव ही रीतच होती, त्यामुळे शंकेपुढे जाऊ नका.

६. बातम्या, आणि त्या कुठल्या पत्रातून उचलल्या आहेत ते.

७. अग्रलेख.

तिसऱ्या पायरीवर एक सापळा आहे. जाहिराती नाहीत म्हणजे मागे सरकारी पैसा, असं गणित लोक पटकन मांडतात. गांधींनी 'इंडियन ओपिनियन'मधल्या जाहिराती पुढे तत्त्व म्हणून बंद केल्या. त्या अंकांवर हे गणित लावलंत तर उत्तर पार चुकेल. तिथं पैसा गांधींच्या वकिलीचा होता. एका काळात महिन्याला ७५ पौंडांपर्यंत रक्कम त्यात जात होती. उलट योकोहामाच्या 'जपान मेल'मध्ये जाहिराती भरपूर, मालक फ्रँक ब्रिंकली ब्रिटिश, तरीही जपान सरकारची मदत त्याला होती. म्हणून जाहिरातींचा रकाना एकट्यानं निकाल देत नाही, तो वर्गणी आणि छापखान्याच्या ओळीशी जोडून वाचा.

मुखपृष्ठ असेल तर त्यावर वेगळा अर्धा तास द्या. ग्युट्सलाफच्या चिनी मासिकाचं पहिलं मुखपृष्ठ घ्या. त्यावर सन चिनी सम्राटाच्या नावानं आहे, दाओग्वांग राजवटीतला. संपादकाचं परदेशी नाव नाही, त्याजागी 'चिनी लोकांवर प्रेम करणारा' अशा अर्थाचं टोपणनाव. आणि कन्फ्यूशियसचं वचन: जो लांबचा विचार करत नाही, त्याच्या दाराशी चिंता येते. छपाई लाकडी ठशांची, चिनी पुस्तकासारखीच. आत पूर्वेचा आणि पश्चिमेचा इतिहास समोरासमोर मांडलेला, म्हणजे वाचणाऱ्यानं आपणहून तोलावं की हे परके लोकही जुन्या संस्कृतीचे आहेत. चिनी लोक परदेशीयांना रानटी समजतात, ती समजूत मोडायची आणि राजकारणाला हात लावायचा नाही, असं ग्युट्सलाफनं इंग्रजी वाचकांसाठीच्या निवेदनात उघड सांगितलं होतं. चिनी अंकात असं काही म्हटलेलं नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय हा डाव दिसत नाही, म्हणून पत्र निघालं तेव्हाचं निवेदन दुसऱ्या भाषेत कुठं छापलं होतं का, हे नेहमी शोधा.

दोन भाषांचे कॉलम

द्विभाषी पत्र हाती आलं तर त्यासारखं नशीब नाही. 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी कॉलम शेजारी-शेजारी छापत असे. बाळशास्त्री जांभेकरांना एकाच पानावर दोन वाचक बसवायचे होते: इंग्रजी विद्या शिकू पाहणारा इथला माणूस आणि इथलं मत जाणू पाहणारा साहेब. अशा पत्रात मजकूर जवळजवळ जुळतो. तिथं फरक शोधत बसण्यापेक्षा कुठला विषय निवडला ते बघा.

'इंडियन ओपिनियन'मध्ये उलट. इंग्रजी भाग गोऱ्या वाचकाशी बोलतो: कायदा, न्याय, साम्राज्याची वचनं. गुजराती भाग घरच्या माणसांशी: सभा कुठं, पैसे कुणी दिले, काय करायचं आणि काय टाळायचं. तुलनेसाठी पट्टी वापरा. प्रत्येक भाषेतल्या मजकुराची उंची कॉलमनिहाय सेंटिमीटरमध्ये मोजा आणि विषयवार बेरीज करा. एकाच घटनेला इंग्रजीत ४ आणि गुजरातीत ३० सेंटिमीटर मिळाले तर त्यावर तासभर बोलता येतं. कॉलमची रुंदी वेगवेगळी असेल तर रुंदीनं गुणा, नाहीतर आकडे फसवतात. तमिळ आणि हिंदी विभाग १९०६ मध्ये बंद पडले, ते जुळारी आणि संपादक मिळेनात म्हणून. त्यामागे धोरण शोधायला जाऊ नका. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस नसणं हे इतिहासातलं मोठं कारण आहे, ते पुस्तकांत फारसं येत नाही एवढंच.

कोरियाचं 'द इंडिपेंडंट' (७ एप्रिल १८९६) यासाठी चांगलं. सो जे-पिलनं सुरुवातीला तीन पानं कोरियन आणि चौथं इंग्रजी ठेवलं. कोरियन पानं चिनी अक्षरं टाळून सामान्य वाचकासाठी, आणि चौथं पान वकिलातींसाठी.

एकाच शहरात दोन पत्रं: सोल, १९०६ ते १९०८

गट मुरला की हा सराव घ्या. यापेक्षा चांगला धडा दुसरा नाही.

अर्नेस्ट बेथेल या इंग्रजानं १९०४ मध्ये यांग गि-ताक यांच्याबरोबर सोलला इंग्रजी आणि कोरियन पत्र सुरू केलं. कोरियावर जपानचा अंमल बसत होता. कोरियन मालकाचं पत्र जपानी परीक्षकाच्या कात्रीखाली जायचं, पण बेथेल ब्रिटिश प्रजाजन. ब्रिटन आणि कोरियाच्या १८८३ च्या करारामुळे त्याच्यावर खटला चालवायचा तर ब्रिटिश कॉन्सुलच्या न्यायालयातच. दारावरची पाटी इंग्रजाची आणि आत लिहिणारे कोरियन, अशी ती रचना होती.

जपाननं दोन वाटा धरल्या. एक, लंडनवर दबाव: १९०७ आणि १९०८ मध्ये बेथेलवर खटले झाले आणि दुसऱ्यात तीन आठवड्यांची कैद झाली, ती त्यानं शांघायला भोगली. १९०९ मध्ये तो सोललाच वारला, वय ३६. दुसरी वाट आपल्या विषयाची. १९०६ मध्ये 'सोल प्रेस' हे इंग्रजी पत्र रेसिडेंट जनरल, म्हणजे कोरियातले जपानचे सर्वोच्च अधिकारी, इतोंच्या बाजूनं उभं केलं, आणि चालवायला आणले तेच झुमोतो, 'जपान टाइम्स'वाले.

आता काम असं करा. एकाच आठवड्यातले दोन्ही अंक घ्या. एक घटना निवडा. दोन रकान्यांत फक्त क्रियापदं आणि माणसांची विशेषणं उतरवा, बाकी वाक्य सोडून द्या. जपानी सैनिकांना एक पत्र काय म्हणतं, दुसरं काय. बंड करणाऱ्यांना काय. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पत्र कुणाला उत्तर देतंय ते खुणा करून काढा. बऱ्याच अग्रलेखांचा खरा वाचक सोलमध्ये नसतो, तो लंडनच्या परराष्ट्र खात्यात असतो. बेथेलला वीर आणि झुमोतोंना भाडोत्री ठरवून मोकळं होऊ नका. दोघंही आपापलं काम चोख करत होते आणि अभ्यास त्या कामाचा आहे.

घरात मूळ अंक सापडला तर

सोलापुरात जुन्या कपाटातून सोव्हिएत किंवा चिनी सचित्र मासिकं निघणं नवलाचं नाही. ही वर सांगितलेल्या पत्रांची नातवंडं, आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावात चिनी मासिकाला वेगळा भाव असणारच. वाचण्याची रीत तीच, फक्त कागदाला सांभाळा.

मेमध्ये घडी उघडू नका. त्या कोरड्या उन्हात लाकडी लगद्याचा कागद घडीवर तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल असते, कागद थोडा नरम पडतो, तेव्हा उघडा. चकचकीत कागदाच्या मासिकांचं उलटं: ती भिजली तर पानं एकमेकांना चिकटतात आणि परत सुटत नाहीत, म्हणून पावसाळ्यात ती उंच फळीवर ठेवा. १८३०-४० चा चिंध्यांचा कागद १९३० च्या वर्तमानपत्रापेक्षा टणक निघतो, म्हणून नुसतं कागदावरून वय ठरवू नका. सेलोटेप लावायचा नाही आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते परत निघत नाही. डांबरगोळ्या कागदाला चिकटून नकोत.

फोटो काढताना पान जमिनीवर सपाट, मोबाइल त्याला समांतर, दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन एलईडी दिवे, फ्लॅश बंद. १२ मेगापिक्सेलचा फोटो लांबीत साधारण ४००० पिक्सेल देतो. ए३ एवढ्या पानाला त्यात सुमारे २४० डीपीआय मिळतात, ५८ सेंटिमीटरच्या पानाला १७५ च. मोठं पान दोन तुकड्यांत घ्या आणि मध्ये चार बोटं मजकूर दोन्हीकडे येऊ द्या.

६ जानेवारीला मांडायचं असेल तर

पत्रकार दिनाला शाळा-वाचनालयात हे मांडता येतं. फ्लेक्स करू नका. त्याची छपाई लांबून बघण्यासाठी असते, आठ पॉइंटचा मजकूर त्यावर नुसता धूर होतो. ए३ कागद पुठ्ठ्यावर, मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर; प्राथमिक शाळेत १२० वर आणा. प्रत्येक पानाखाली साठेक शब्दांची मराठी पाटी, २४ पॉइंटमध्ये, आणि तिच्या शेवटी तीन ओळी ठरलेल्या: पैसा कुणाचा, भाषा कुणाची, शहर कुणाचं. पाटीवर 'पहिलं' हा शब्द लिहिण्याआधी थांबा. 'मोनितर ऑटोमन'ला इस्तंबूलचं पहिलं फ्रेंच पत्र म्हणाल तर चुकाल, कारण फ्रेंच वकिलात तिथं १७९० च्या दशकातच बातमीपत्र छापत होती.

उर्दू किंवा गुजराती पानाखाली दोरीला पेन्सिल बांधलेली वही ठेवा. वाचता येणारं कुणीतरी येतंच आणि नावाचा उच्चार किंवा एखादा आकडा चुकलाय हे दाखवतं. दुरुस्ती त्याच दिवशी पाटीवर पेनानं करा, नवी पाटी छापून येईपर्यंत वाट बघू नका.